जुना लॅपटॉप, हलका डेस्कटॉप आणि हॅम रेडिओ

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि कितीतरी घरांतले चांगले चालणारे लॅपटॉप एकदम ‘जुने’ ठरले. तुमच्याकडेही असा एखादा पडून आहे? घरात कोणाला हॅम, म्हणजे हौशी रेडिओची आवड असेल, तर तो भंगारात देऊ नका.

आम्हा मारतहळ्ळीकरांना ही आवड शोभतेच! जवळच्या इस्रोच्या उपग्रह केंद्रात बनलेला ‘हॅमसॅट’ २००५ मध्ये खास हॅम मंडळींसाठी अवकाशात गेला होता.

हॅम मंडळींच्या लाडक्या एफटी८ पद्धतीत संदेश १५ सेकंदांच्या फेऱ्यांत येतात-जातात. संगणक अडखळला, तर उत्तराची पाळी हुकते. म्हणून डेस्कटॉप कमी मेमरी खाणारा हवा.

रॅम २ जीबी असेल, तर लिनक्सवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्या. १ जीबीच असेल, तर आइसडब्ल्यूएम बरा. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा: आवाज येतो का, रेडिओची केबल ओळखली जाते का? घड्याळ इंटरनेटशी जुळवून ठेवा. दोन सेकंदांहून जास्त फरक पडला, की संदेश वाचताच येत नाहीत.

प्रसारणासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावाच लागतो. संगणक मात्र नवा घ्यावा लागत नाही!