वाघाची सोयरीक आणि कटंगीची वाट

वाघांची गणना झाली की आकडे प्रसिद्ध होतात, मंत्रिमहोदयांची अभिनंदनपर निवेदने निघतात आणि वाचकही समाधान पावून पुढल्या बातमीकडे वळतो. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तेव्हाही असेच घडले. हे आकडे आनंदाचे आहेत याबद्दल वाद नाही. परंतु वाघ किती, या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न उभा आहे आणि तो कोणी विचारताना दिसत नाही. या वाघांची सोयरीक कोणाशी होते? एका अरण्यातील नराला दुसऱ्या अरण्यातील मादी भेटते काय? या प्रश्नाचे उत्तर राजधानीतील कचेऱ्यांत मिळावयाचे नाही. ते बालाघाट जिल्ह्यातील कटंगीसारख्या गावांच्या शिवारात शोधावे लागेल.

कटंगी हे नाव आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना फारसे परिचित नसेल. १९५६ पूर्वी, नागपूर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होती त्या प्रांतातला हा मुलूख. राज्यपुनर्रचनेत विदर्भ इकडे आला, बालाघाट तिकडे राहिला. परंतु दक्षिणेला भंडारा जिल्ह्याची शीव लागून असल्यामुळे मराठी बोल तेथे आजही कानी पडतो. भाताची खाचरे, मँगनीजच्या खाणी आणि सागाबांबूचे जंगल अशी येथील भूमी. कटंगीच्या ईशान्येला कान्हाचे अरण्य आहे आणि पश्चिमेला पेंचचे. बालाघाट आणि शिवनी या दोन जिल्ह्यांतील तुटक वनपट्ट्यांतून आणि गावांच्या कडेकडेने वाघ एका अरण्यातून दुसऱ्यात जातो. वनखात्याच्या भाषेत याला ‘कॉरिडॉर’ म्हणतात. आम्ही त्याला वाट म्हणू.

ही वाट वाघाला कशासाठी हवी? शिकारीसाठी, हे अर्धे उत्तर झाले. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आणि सपिंडाच्या पिढ्या मोजणाऱ्या समाजाला उरलेले अर्धे उत्तर समजण्यास कठीण जाऊ नये. (गोत्र केवळ पित्याच्या बाजूने मोजले जाते आणि मामाची मुलगी करण्याची चाल आमच्याकडे अनेक ज्ञातींत आहे, तेव्हा आमच्या रूढीला विज्ञानाचे प्रमाणपत्र देण्याचा आमचा हेतू नाही.) प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक मातेकडून आणि एक पित्याकडून. त्यातली एक सदोष असली तरी बहुधा दुसरी तिचे उणे झाकते आणि दोष सुप्त राहतो. परंतु माता आणि पिता एकाच रक्ताचे असतील, तर तीच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. मग झाकावयास कोणी उरत नाही. पिल्ले अशक्त निपजतात, नरांची प्रजननशक्ती क्षीण होते, रोगाची एक साथ सगळ्या कळपाला सारखीच लागू पडते. जीवशास्त्रात याला अंतःप्रजनन म्हणतात.

निसर्गाने वाघापुरती यावर तोड काढलेली आहे. पिल्लू दोनएक वर्षांचे झाले की आईला सोडते. त्यातही नर दूर जातो, कधी शेकडो किलोमीटर. हाच वाघाचा गोत्रनियम. मात्र तो पाळावयाचा तर घराबाहेर पडण्यास वाट हवी.

ती नसली म्हणजे काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मध्य प्रदेशातच घडले आणि ते माणसाच्या हातून घडले. १९५१ साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी पांढऱ्या वाघाचा एक बच्चा पकडला. त्याचे नाव मोहन. मोहनची पैदास साध्या वाघिणीशी केली तेव्हा एकही पिल्लू पांढरे निपजले नाही. म्हणून त्याची जोडी त्याच्याच कन्येशी, राधेशी, लावण्यात आली आणि १९५८ साली चार पांढरी पिल्ले जन्मली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतून लोक कौतुकाने ज्यांना पाहतात, ते पांढरे वाघ बहुतांशी या वंशाचे. तिरळे डोळे आणि इतर व्यंगे हा त्या कौतुकाचा वारसा होय.

पिंजऱ्यात जे माणसाने केले, तेच अरण्याचे बेट झाले की आपोआप होऊ लागते. ओडिशातील सिमलीपालच्या जंगलात काही वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात व जनावर जवळजवळ काळे दिसते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवून दिले, की हा एकाच जनुकातील एका अक्षराच्या फरकाचा परिणाम आहे आणि रानटी वाघांत तो सिमलीपालमध्येच इतका पसरला आहे. थोड्या वाघांचे एकाकी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढले, की एखादे दुर्मीळ लक्षण निव्वळ योगायोगाने सर्वत्र होते. काळा पट्टा कदाचित निरुपद्रवी असेल. परंतु ज्या योगायोगाने तो पसरला, त्याच योगायोगाने घातक दोषही पसरू शकतो. त्याच वर्षी रणथंबोरच्या वाघांसंबंधीही संशोधन प्रसिद्ध झाले. अंतःप्रजननाच्या ठळक खुणा तेथे आढळल्या. फार जहाल दोष असलेली पिल्ले जगत नसल्याने असे काही दोष वंशातून गळून जातात, हेही आढळले. यावरून कोणी निश्चिंत होईल तर ते चूक ठरेल, कारण सौम्य दोष मागे राहून साचत जातात.

संख्या वाढली म्हणजे गमावलेले सारे परत येते, हा समज तर कान्हाच्या बारशिंग्याने खोडून काढावा. कडक भूमीवर राहणारा हा बारशिंगा एकेकाळी मध्य भारतात हजारांनी होता. १९७० साली तो उरला केवळ कान्हात, आणि तेथेही अवघे ६६. गवताळ मैदाने राखून, कुंपण घालून, शिकार थांबवून तो वाढविण्यात आला आणि आता त्याची संख्या हजाराच्या घरात आहे. (त्या मैदानांसाठी बैगा आणि गोंडांची गावे उठली, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.) हे यश मोठेच. परंतु हजारांतले प्रत्येक जनावर त्या ६६ चे वंशज आहे. जनुकांची जी विविधता त्या अरुंद दारातून पार झाली नाही, ती कळप कितीही फुगला तरी परतत नाही. नवी विविधता निपजावयास उत्परिवर्तन लागते आणि त्याची गती शतकांनी मोजावी लागते. शिवाय सगळी अंडी एकाच टोपलीत. म्हणून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुड्यात आणि २०२३ साली काही बांधवगडला नेण्यात आले.

यावर एक तोडगा हमखास सुचविला जातो. वाट तुटली तर तुटू द्या, वाघ गाडीत घालून नेता येतो. हा तोडगा अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील प्यूमा वीस-तीसवर आले होते, त्यांच्या शेपट्यांना गाठी पडल्या होत्या, नरांत वृषणाचे दोष दिसू लागले होते. १९९५ साली टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या आणि वंश सावरला. आपल्या पन्नातही २००९ पर्यंत वाघ नामशेष झाला होता. तेथे बांधवगड व कान्हाच्या वाघिणी आणि पेंचचा नर आणून नवी वसाहत उभी केली. त्या नराने मात्र काय केले? सोडल्यानंतर काही दिवसांतच तो आपल्या पेंचच्या दिशेने चालू लागला आणि वनखात्याला त्याच्या मागे धावावे लागले. बेशुद्ध करून, गाडीत घालून, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून सोयरिकी जुळविणे हा आपद्धर्म आहे. जेथे वाघ स्वतःच्या पायांनी, सरकारचा एक पैसा न खर्चता, हे कार्य करीत आला आहे तेथे ती वाट मोडून पुढे गाड्या पाठविणे याला शहाणपण म्हणता येणार नाही.

कान्हा आणि पेंच यांच्यामधली वाट अजून चालू आहे, ही या विषयातली सर्वांत चांगली बातमी. वाघांच्या विष्ठेतील जनुकद्रव्य तपासून केलेले एक संशोधन २०१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले. मधले जंगल टिकून असल्यामुळे या दोन अरण्यांमधील जनुकांची देवघेव थांबलेली नाही, असे त्यात दिसून आले. परंतु वाटेवरची आक्रमणे वाढत आहेत. गोंदिया–जबलपूरची नॅरोगेज गाडी एकेकाळी रमतगमत या रानातून जाई. तेथे आता ब्रॉडगेजच्या वेगवान गाड्या धावतात. नागपूर–शिवनी महामार्ग चौपदरी झाला तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पेंचच्या महाराष्ट्रातील भागात जनावरांना खालून जाता यावे म्हणून नऊ पूल बांधावे लागले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटर आहे. वाघ त्यांचा वापर करतात, हे छायाचित्रांनी सिद्ध झाले. म्हणजे रस्ता आणि वाघ यांत एकच निवडा, असे काही नाही. खर्च करण्याची इच्छा असावी लागते, आणि ती येथे न्यायालयात जावे लागल्यावर झाली.

रेल्वे आणि रस्त्यांची गोष्ट निदान वृत्तपत्रांत येते. कटंगीच्या शेतकऱ्याची येत नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेत पर्यटक येतात, निधी येतो, गावांना रोजगार मिळतो. वाटेवरच्या गावाला यातले फारसे काही मिळत नाही. त्याला मिळतो तो रात्री गोठ्याजवळून जाणारा वाघ. वन्यजीव कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने प्रकल्पांना जोडणाऱ्या भूभागांचीही जबाबदारी व्याघ्र प्राधिकरणावर टाकली. ही जबाबदारी आजवर मुख्यतः ‘नाही’ म्हणण्यापुरती पाळली गेली आहे: येथे खाण नको, तेथे रस्ता नको. ज्याची गाय मेली त्याच्या हाती आठवड्याच्या आत पैसे पडावेत, ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, मोहफुले व तेंदूपाने वेचणाऱ्यांना वाघ कोठे आहे याची वर्दी वेळेवर मिळावी, या गोष्टी त्याच जबाबदारीत मोडतात असे आम्ही मानतो. वाघाचे जनुक कान्हाहून पेंचला जाते ते या माणसाच्या बांधावरून. त्याने एकदा विष घातले की ती सोयरीक तेथेच मोडली.

हे विधान आम्ही परमुलखाकडे बोट दाखवून करीत नाही. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतील गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. त्याआधी गुरे मारली गेली होती. म्हादईचे रान कर्नाटकातील भीमगड आणि काळी या वनांशी सलग आहे. आमच्या वाघाची सोयरीक तिकडेच होते आणि ती वाट तुटली तर सह्याद्रीच्या या टोकाला उरतील ती चार-दोन नात्यातली जनावरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी व्याघ्रप्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. वनवासी गावांचे हक्क आणि विस्थापनाची भीती हे कारण पुढे करण्यात आले. कारण खोटे नाही. मग ते हक्क निश्चित करण्याचे काम न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता सत्तरी आणि सांग्यात आजच हाती घेता येते. त्यासाठी अधिसूचना लागत नाही.