गुडघा वाकला, तोलाचे काय?

गुडघाबदलाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटायला येणारा जो तो विचारतो, ‘गुडघा वाकतो किती?’ तो 90 अंशांपर्यंत वाकला की घरचे निर्धास्त होतात, वॉकर माळ्यावर जातो आणि व्यायामाला हळूहळू सुट्टी मिळते. ही घाई महागात पडू शकते.

डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना या तिघांच्या जोरावर शरीराचा तोल राहतो. झिजलेल्या गुडघ्यात ही तिसरी बाजू आधीच लंगडी झालेली असते. शस्त्रक्रियेत सांध्यातल्या दोन्ही गाद्या जातात, पुढचे क्रुशिएट लिगामेंट बहुधा काढले जाते आणि काही प्रकारच्या कृत्रिम सांध्यांत मागचेही. शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्यावर येऊ शकते. दुखणे कमी झाल्याने हिंमत वाढते. अडखळल्यावर सावरण्याची चपळाई मात्र मागेच राहते. धोका आहे तो इथे.

तोल सरावाने सुधारतो. आधी ओट्याला धरून वजन या पायावरून त्या पायावर न्यायचे. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभे राहायचे आणि पुढे काही सेकंद एकाच पायावर. आधारही टप्प्याटप्प्याने कमी करायचा: दोन हात, एक हात, नुसती बोटे. मऊ गादीवर उभे राहणे किंवा डोळे मिटणे ही पुढची पायरी. ती फिजिओथेरपिस्ट शेजारी असतानाच. प्रगती मोजायला खुर्ची आणि घड्याळ पुरते. खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. पण शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च आणि हेलपाटे बहुतेकदा कुटुंबाच्याच माथी येतात. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते. म्हणून रुग्णालयांनी घरी सोडतानाच्या कागदावर औषधांबरोबर तोलाचे व्यायाम आणि पुढच्या चाचणीची तारीखही लिहून द्यावी. घरच्यांनी न्हाणीघरातली ओल, सरकणारी पायपुसणी आणि रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त करावा. आणि काठी कधी सोडायची, हे तोल तपासूनच ठरवावे. शेजाऱ्यांच्या कौतुकावर विसंबून नाही.