पाक कुणासाठी, मध कुणाचा?

साथींनो, खुरासणी फुललीय. भीमाशंकरच्या अंगाकडचे आपले उतार पिवळेधमक झालेत, सातेरी माशी उजाडल्यापासून कामाला लागलीय. आणि नेमके आत्ताच पेट्या वाटणारे साहेब सांगून गेले, साखरेचा पाक ठेवत जा, मधकोठी लवकर भरंल.

पाक कधी द्यायचा ते आम्हाला कळतं. आषाढ-श्रावणात पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही. पोटाला नसलं की ती पेटी सोडून जाते. तेव्हा साखर आणि पाणी सारखं घेऊन, थोडं थोडं, दिवस मावळताना, पेटीच्या आत द्यायचं. उघड्यावर ठेवलं की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात, मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. पण फुलोरा आला की पाक बंद! फुलोऱ्यात दिलेला पाक माशी वर साठवते आणि तोच मध म्हणून बाटलीत जातो. साहेबांना किलो मोजायचेत. उद्या तपासणीत साखर निघाली तर नाव आदिवासीचं खराब होणार. 2020 साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं बाजारातले 13 ब्रँड तपासून घेतले, त्यातले बहुतेक नापास झाले. ते काय आमच्या पाड्यावर भरले होते?

काढणीचंही तेच. मेणाचं झाकण बसलेलं पोळंच काढायचं, कच्चा मध आंबतो. पिलावा कोठीतली शिदोरी माशीची, तिला हात लावायचा नाही. आमची ठाकर-कातकरी म्हातारी माणसं आग्या मोहोळ काढताना मधाचा गड्डा तेवढा कापायची, पिलावा फांदीला राहू द्यायची. आज आपल्यातलेच काही जण व्यापाऱ्याच्या घाईनं अख्खं मोहोळ जाळतात. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. माशी गेली तर खुरासणीचा दाणा भरणार नाही, मग तेल कुठून आणणार?

सगळा मध पिळून न्यायचा आणि उपाशी माशीला आमच्या उधारीची साखर चारायची, असा हा धंदा. भामा-आसखेडला जमिनी आमच्या बुडाल्या, पाणी खाली शहराकडं गेलं. आता मधही पिंपरी-चिंचवडच्या दुकानात, आणि आमच्याकडं रिकामी पेटी!

2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत मध आणि मेण नाव घेऊन लिहिलेत. ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा मालकी हक्क कलम 3 देतं. 2012 च्या दुरुस्त नियमांप्रमाणे वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते, त्यावर रॉयल्टी नाही. तरी चाकणच्या रस्त्याला डबा अडवून पास मागतात. मागू द्या. समितीचा परवाना दाखवा, आणि अडवणाऱ्याकडून नकार लेखी घ्या. ज्या गावांनी सामूहिक हक्काचा दावा अजून भरला नाही त्यांनी मधाची झाडं आणि कडे नावानिशी लिहून भरावा, नाहीतर हा कागद पुढं करायला जागाच राहत नाही.

येत्या ग्रामसभेला पेट्या घेतलेल्या प्रत्येकानं करारपत्र घेऊन यावं. अंगठा कशावर लावला ते आठवत नसलं तरी आणा, आम्ही वाचून दाखवू.