वाकड्या अंगणाची फिर्याद

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिचा अर्थ तपासून पाहावा असे आपल्याला कधी वाटत नाही. हिंदीत ती जवळजवळ जशीच्या तशी आहे. कन्नडमध्ये नाचू न शकणारी स्त्री जमीनच वाकडी असल्याचे सांगते. नाचणारी टीकेला पात्र, अंगण निर्दोष, असा निकाल या म्हणीने दिला आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः अंगण सरळ होते असे म्हण कोठेही म्हणत नाही. त्याविषयी ती मौन पाळते. तिचा आक्षेप निदानावर नाही; निदान कोणत्या क्षणी सुचले, यावर आहे. पाऊल चुकले आणि मग अंगणाकडे लक्ष गेले. म्हणीचा उत्तरार्ध, 'रांधता येईना ओली लाकडे', हाही तेच सांगतो. लाकडे खरोखरच ओली असू शकतील. पण रांधणाऱ्याला ते चूल पेटवण्यापूर्वी कळते, भात करपल्यानंतर नव्हे.

या म्हणीचा सर्वांत शुद्ध नमुना आज पाहावयाचा असेल तर तो तमाशाच्या फडात किंवा स्वयंपाकघरात सापडणार नाही. तो गोल्फच्या मैदानावर सापडेल. बंगळूरला या खेळाची परंपरा जुनी आहे. येथील बंगलोर गोल्फ क्लबची स्थापना १८७६ सालची. जुन्या विमानतळाजवळील कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान त्या मानाने अलीकडचे. ते ब्रिटिश ओपन स्पर्धा पाच वेळा जिंकलेल्या पीटर थॉमसन यांच्या आराखड्यातून उभे राहिले. अशा कोणत्याही मैदानावर खेळ आटोपल्यानंतरचे संभाषण ऐकावे. अमुक बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, चुकीच्या जागी आहे. तमुक हिरवळीचा उतार अन्याय्य आहे. ते झाड तेथे ठेवण्यात काही अर्थ नाही. मैदान आखणाऱ्याला खेळ कळत नव्हता. पाच वेळा ओपन जिंकणाऱ्या माणसाला खेळ कळत नव्हता, हा निष्कर्ष आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाला निःसंकोच काढता येतो.

साहित्याच्या अभ्यासकाने या तक्रारीचे व्याकरण पाहावे. फटका साधला तेव्हा वाक्य असते : 'मी चेंडू थेट ध्वजापाशी नेला.' फटका फसला तेव्हा : 'चेंडू वाळूत गेला', 'हिरवळीने चेंडू धरला नाही', 'झाड आडवे आले'. पहिल्या वाक्यातला प्रथमपुरुषी कर्ता दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांतून नाहीसा झाला आहे. त्याची जागा चेंडूने, हिरवळीने, झाडाने घेतली आहे. यशाचे कर्तृत्व स्वतःकडे आणि अपयशाचे कर्तृत्व भूगोलाकडे, अशी ही वाटणी आहे. माझा वाद या वाटणीशी आहे. मैदानाला दोष देणे हा अपराध नव्हे. केवळ दोषच देणे, श्रेय कधीही न देणे, हा बौद्धिक अप्रामाणिकपणा आहे.

या अप्रामाणिकपणाचा पुरावा बंगळूरच्या हवेतच आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. उंचीवर हवा विरळ असते, चेंडूला होणारा अवरोध कमी असतो, आणि तोच फटका मुंबईपेक्षा येथे काही यार्ड लांब जातो. म्हणजे येथील प्रत्येक खेळाडूला प्रत्येक लांब फटक्यागणिक भूगोलाकडून एक लहानशी भेट मिळत असते. 'आज माझा फटका लांब गेला, त्याला या पठाराची उंची कारण आहे', असे म्हणणारा गोल्फपटू कोणाच्या ऐकिवात आहे काय? मैदानाचा उतार ज्याला इतक्या सूक्ष्मपणे दिसतो, त्याला पायाखालचे सबंध पठार दिसू नये, हा दृष्टीचा दोष नव्हे; ही सोयीची दृष्टी आहे.

यावर एक युक्तिवाद केला जातो. काही मैदाने खरोखरच कठीण असतात, आणि कठीण मैदानावर सामान्य खेळाडूची धावपळ होणारच, असा तो युक्तिवाद. तो खरा आहे. आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे. कारण गोल्फने या अडचणीचा हिशेब आधीच करून ठेवला आहे. हँडिकॅप म्हणजे दुबळ्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. २०२० साली सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येक मैदानाच्या काठिण्याचे मोजमाप होते. निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाते, याला ५५ ते १५५ या दरम्यानचा एक आकडा असतो; ११३ हा मध्यम धरला जातो. मैदान जितके वाकडे, तितकी सवलत अधिक. म्हणजे अंगण वाकडे असल्याची भरपाई नर्तकाला नाच सुरू होण्यापूर्वीच चुकती केलेली असते. ती खिशात घालून नंतर पुन्हा अंगणाविरुद्ध फिर्याद करणे म्हणजे एकाच नुकसानीची किंमत दोनदा वसूल करणे होय.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. बंकर हा योगायोगाने पडलेला खड्डा नसतो. तो कोणीतरी हेतुपुरस्सर तेथे ठेवलेला असतो, तेव्हा त्या हेतूची चिकित्सा का करू नये? अवश्य करावी. पण मग तो हेतू आधी समजून घ्यावा लागेल. ॲलिस्टर मॅकेंझी हे या कलेतील एक थोर नाव. हा मनुष्य शिक्षणाने वैद्य. बोअर युद्धात त्याने शत्रूची भूप्रदेशात लपून जाण्याची कला पाहिली आणि पुढे मैदाने आखताना ती वापरली. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने चांगल्या मैदानाची जी तत्त्वे सांगितली, त्यांत एक असे आहे की दुबळ्या खेळाडूला एखादा फटका अधिक खर्चून का होईना, पण दुसरी वाट नेहमी उपलब्ध असली पाहिजे. या परंपरेत बंकर ही शिक्षा नाही. तो एक प्रश्न आहे. जवळची वाट धोक्याची आहे, लांबची वाट सुरक्षित आहे. तुला तुझ्या हाताचा भरवसा किती? वाळूत गेलेल्या खेळाडूने या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते आणि ते चुकलेले असते. त्यानंतर प्रश्न विचारणाऱ्यावर रागावणे ही परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याची जुनी रीत आहे. येथे तर प्रश्नपत्रिका उघड्यावर, डोळ्यांसमोर, आधीपासून मांडलेली असते.

तरीही काही अंगणे खरोखरच वाकडी असतात, हे मान्य केलेच पाहिजे. २०१८ साली अमेरिकन ओपन स्पर्धा शिनेकॉक हिल्स येथे झाली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिरवळी इतक्या कोरड्या आणि कठीण झाल्या की मैदानाची मांडणी मर्यादेबाहेर गेल्याची कबुली स्वतः आयोजकांनी दिली. त्याच दिवशी फिल मिकेल्सनसारख्या मातब्बर खेळाडूने तेराव्या हिरवळीवर घरंगळत चाललेला चेंडू पुन्हा मारला आणि दोन फटक्यांचा दंड ओढवून घेतला. आयोजकांची चूक खरी होती. पण तिने मिकेल्सनच्या कृतीचे समर्थन होत नाही. त्याच मैदानावर ब्रूक्स केप्का चार दिवस खेळला आणि जिंकला. अंगण वाकडे होते, हे विधान सत्य होते. 'म्हणून मी नाचलो नाही', हे अनुमान असत्य होते. या दोहोंतील अंतर ज्याला कळत नाही, त्याला टीका आणि सबब यांतले अंतर कळत नाही.

बंगळूरच्याच भूमीवर या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले गेले आहे. ते गोल्फच्या नव्हे, क्रिकेटच्या मैदानावर. मार्च १९८७. चिन्नास्वामी क्रीडागारातील भारत-पाकिस्तान कसोटी. खेळपट्टी फिरकीला विलक्षण साथ देणारी, चेंडू कधी उसळणारा, कधी बसणारा. पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत आटोपला. मनिंदरसिंगने २७ धावांत ७ बळी घेतले. भारताला विजयासाठी २२१ धावा हव्या होत्या. त्या डावात दुसऱ्या कोणत्याही भारतीय फलंदाजाला तीस धावांपर्यंत पोचता आले नाही. सुनील गावसकर पाच तासांहून अधिक काळ उभे राहिले आणि त्यांनी ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला. तो गावसकरांचा अखेरचा कसोटी डाव ठरला. त्या खेळपट्टीवर टीका करण्याचा अधिकार कोणाला होता, असे विचारले तर उत्तर एकच : ज्याने तिच्यावर ९६ धावा केल्या त्याला. नाच करून दाखवणाऱ्याने अंगण वाकडे म्हटले तर ती समीक्षा आहे. नाच फसलेल्याने म्हटले तर ती सबब आहे. शब्द तेच, अधिकार निराळा.

हा अधिकार कमावता येतो, याचेही उदाहरण गोल्फच्या इतिहासात आहे. १९२१ साली एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स सेंट अँड्र्यूजच्या प्राचीन मैदानावर ओपन स्पर्धा खेळत होता. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर तो बंकरमध्ये अडकला आणि संतापाने स्पर्धेतून बाहेर पडला. ते मैदान त्याला त्या दिवशी निरर्थक वाटले असेल. पण तो तेथे थांबला नाही. १९२७ साली त्याने त्याच मैदानावर ओपन जिंकली, १९३० साली तेथेच ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली, आणि १९५८ साली त्या नगराने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. दरम्यान मैदान फारसे बदललेले नव्हते. माणूस बदलला होता. पुढे ऑगस्टा येथे स्वतःचे मैदान आखावयाचे ठरले तेव्हा त्याने मॅकेंझीलाच बरोबर घेतले. सेंट अँड्र्यूजच्या वाकडेपणावर दोघांचेही निस्सीम प्रेम होते. अलीकडचे उदाहरण या शहराच्याच कन्येचे. बंगळूरमध्ये जन्मलेली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, चौथी आली. पदक थोडक्यात हुकले. लांब फटक्यांच्या हिशेबात ती त्या स्पर्धेत अगदी मागच्या रांगेत होती. मैदान लांब फटके मारणाऱ्यांना धार्जिणे आहे, अशी फिर्याद तिला सहज करता आली असती. तिने हिरवळीजवळच्या नाजूक खेळाने ती तूट जवळजवळ भरून काढली.

येथवर वादाचा विषय खेळ होता. आता त्याच्या सामाजिक बाजूकडे वळणे भाग आहे, कारण खरा अन्याय तेथे आहे. म्हणीतली नाचणारी कोण? दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या आज्ञेवरून नाचणारी एक गरीब स्त्री. अंगण निवडण्याचा वा सारवून घेण्याचा अधिकार तिला नव्हता. तिची तक्रार कदाचित खरी असेल. तरीही शतकानुशतके आपण तिला हसत आलो. गोल्फ क्लबचा सभासद याच्या उलट आहे. अंगण त्याच्या मालकीचे आहे. तो समितीवर बसतो, ठराव करतो, नको असलेला बंकर बुजवूनही घेऊ शकतो. आणि त्याच्या तक्रारीचा भार शेवटी आराखडा करणाऱ्यावर पडत नाही. तो पडतो हिरवळ कापणाऱ्या माळ्यावर आणि पिशवी वाहणाऱ्या कॅडीवर. फटका का चुकला हे कॅडीला नेमके ठाऊक असते. ते न बोलणे हा त्याच्या नोकरीचा भाग असतो. आपण हसावयाचे ते या सभासदाला सोडून त्या नाचणारीला हसत आलो, ही आपल्या म्हणीच्या वापरातली मोठी चूक आहे.

आणि ज्या एका अर्थाने बंगळूरची अंगणे खरोखरच वाकडी आहेत, त्या अर्थाने ही फिर्याद कधीच केली जात नाही. कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान जेथे आहे तेथे एके काळी चल्लघट्टा तलाव होता. शहराने गमावलेल्या तलावांच्या यादीत त्याचे नाव नेहमी येते. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे बागांना पिण्याचे पाणी घालण्यास पाणीपुरवठा मंडळाने मनाई केली, तेव्हा या शहरात हिरवळ कशावर जगते हा प्रश्न सर्वांपुढे उभा राहिला. मैदानाच्या आराखड्यावर गंभीर टीका करावयाची असेल तर ती येथून सुरू होते : ही जमीन आधी काय होती, येथले पाणी आता कोठे जाते, हिरवळीला पाणी कोठून येते, ती राखणाऱ्याला वेतन किती मिळते? ज्याला बंकरची जागा चार यार्डांनी चुकलेली दिसते, त्याला एक सबंध तलाव नाहीसा झालेला दिसत नाही. कारण त्या तलावाने त्याचा एकही फटका बिघडवलेला नाही.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे परके वाटू नये. पुस्तक गाजले की ते लेखकाच्या प्रतिभेचे फळ. न गाजले तर वाचक उरला नाही, प्रकाशक व्यापारी झाला, समीक्षकाला दृष्टी नाही, काळच वाङ्मयाला प्रतिकूल आहे. यांतले प्रत्येक विधान कदाचित खरे असेल. ओली लाकडे खरोखर ओलीच असतात. पण ते विधान करण्यापूर्वी लेखकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझे पुस्तक गाजले असते तर हेच विधान मी केले असते काय? उत्तर 'होय' असेल तर त्याने ते निर्भयपणे करावे. ती समीक्षा आहे आणि समाजाला तिची गरज आहे. उत्तर 'नाही' असेल तर त्याने चेंडू वाळूतून बाहेर काढावा, फटका मोजावा, आणि आपल्या ओळीचा कर्ता पुन्हा प्रथमपुरुषी करावा.