गर्दी, स्मृती आणि रांग

सकाळी दहाला रेल्वेची तत्काळ तिकिटे खुली होतात आणि देशभरातून असंख्य लोक एकाच क्षणी एकाच संगणकव्यवस्थेचे दार ठोठावतात. अशा प्रसंगी कामाचा वेग मंदावला की ‘यंत्र अपुरे आहे, मोठे आणा’ अशी मागणी होते. ती अगदीच गैर नव्हे. पण हे निदान अपुरे आहे.

संगणकाची जलद स्मृती म्हणजे कारकुनाचे मेज, तर चकती म्हणजे दप्तरखाना. माहिती मेजावर मावते तोवर काम झपाट्याने होते. ती मावेनाशी झाली की प्रत्येक कागदासाठी दप्तरखान्यात खेप घालावी लागते, आणि फिरत्या चकतीवरील ही खेप स्मृतीतील वाचनाच्या सुमारे लाखपट वेळ घेते. नव्या, न फिरणाऱ्या साठवणुकीतही हे अंतर साधारण हजारपटीचे आहे. त्यात शेकडो मागण्या एकदम आल्या, तर एकाची फाईल मेजावर ठेवण्यासाठी दुसऱ्याची उचलावी लागते. तीच फाईल क्षणभराने पुन्हा हवी असते. मग खेपाच वाढतात, काम होत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या अवस्थेचे विवेचन केले होते. अशा वेळी एका वेळी थोड्यांनाच आत घेतले, तर एकंदर काम अधिक होते.

मेज किती मोठे असावे, हा मुळात अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ मध्ये तेव्हाच्या किमतींवरून हिशेब मांडला: जी माहिती दर पाच मिनिटांच्या आत पुन्हा लागते, तीच महागड्या स्मृतीत ठेवणे परवडते. किमती बदलल्या, तत्त्व टिकले. नित्याची माहिती हाताशी ठेवावी, सूची नीट करावी आणि गर्दी विभागावी. जून २०१५ मध्ये वातानुकूलित वर्गाच्या तत्काळ तिकिटांना दहाची व इतरांना अकराची वेळ ठरली, ती याच विचाराने.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. रांग नसलेल्या गर्दीत ज्याची तार वेगवान, त्याचीच सरशी होते. खेड्यातला विद्यार्थी मागेच राहतो. म्हणून सार्वजनिक पैशाने यंत्र घेताना क्षमतेइतकाच रांगेचाही विचार व्हावा. नुसते मेज वाढवून दप्तरखान्याची वाट रुंद होत नाही.