सामान्यांचा नकार

जगात कोठे तरी घोर अन्याय चालला आहे, हे आज कोणालाही मुद्दाम सांगावे लागत नाही. सकाळी हातातला फोन उघडला की साऱ्या पृथ्वीचे दुःख अंथरुणावरच समोर येऊन उभे राहते. मनुष्य हळहळतो, एखाद्या निवेदनाखाली आपले नाव घालतो, ते आणखी चौघांना धाडतो आणि आंघोळीला जातो. त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बड्या राष्ट्रांच्या आणि बड्या कंपन्यांच्या कारभारात आपल्यासारख्या पगारदाराने याहून अधिक करावे तरी काय, ही त्याची शंका प्रामाणिक आहे. परंतु या शंकेचे उत्तर एकदा नव्हे, अनेकदा दिले गेले आहे. त्यांपैकी एक उत्तर डब्लिन शहरात गल्ल्यावर काम करणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीने दिले. ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

1984 च्या जुलै महिन्यातील गोष्ट. डन्स स्टोअर्स या दुकानाच्या हेन्री स्ट्रीटवरील शाखेत एका गिऱ्हाइकाने पपनसाच्या जातीची दोन फळे, ज्यांना ग्रेपफ्रूट म्हणतात, मेरी मॅनिंग हिच्यापुढे ठेवली. फळे दक्षिण आफ्रिकेची होती. वर्णभेदी राजवटीतून येणारा माल आपल्या सभासदांनी हाताळू नये, असा निर्णय तिच्या कामगार संघटनेने घेतला होता. त्याला अनुसरून तिने त्या फळांचे पैसे घेण्यास नकार दिला. वरिष्ठांनी तिला निलंबित केले आणि तिच्यासाठी दहाएक सहकारी, बहुतेक तरुण मुलीच, काम टाकून बाहेर पडल्या.

वर्णभेद म्हणजे नेमके काय, हे आपल्याला त्या दिवशी धड ठाऊकही नव्हते, असे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ते शिकविले निम्रॉड सेजाके या परागंदा आफ्रिकी कामगार पुढाऱ्याने. तो येऊन त्यांच्या रांगेत उभा राहू लागला. आपल्या देशातल्या माणसाला कोठे राहता येते, कोठे नाही, हे तो त्यांना रस्त्यावर उभ्या उभ्या सांगे. थोड्या दिवसांत मिटेल असे वाटलेला हा संप पावणेतीन वर्षे चालला. आठवड्याला 21 पौंडांच्या संपभत्त्यावर मुलींनी दिवस काढले, शिव्याशाप ऐकले. पुष्कळ गिऱ्हाइके त्यांना ओलांडून खुशाल आत जात. 1985 साली बिशप डेस्मंड टुटू यांच्या निमंत्रणावरून त्या दक्षिण आफ्रिकेला गेल्या, तेव्हा तेथील सरकारने त्यांना विमानतळावरूनच परत पाठविले. मूठभर दुकानकामगारांना एक सरकार इतके भिते, हे पाहून आयर्लंडमधील लोकमत हलले. पुढे आयरिश सरकारने दक्षिण आफ्रिकेतील फळे व भाजीपाला यांच्या आयातीवर बंदी घातली आणि 1987 साली संप थांबला. 1990 मध्ये नेल्सन मंडेला डब्लिनला आले, ते या संपकऱ्यांना आवर्जून भेटले.

या मुलींनी वर्णभेद उलथून टाकला, असे म्हणणे अर्थातच बालिशपणाचे ठरेल. तो उलथला मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील काळ्या जनतेने. शार्पव्हिल येथे 1960 साली 69 माणसे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, 1976 साली सोवेटोतील शाळकरी पोरे रस्त्यावर आली. खरी किंमत तेथे मोजली गेली. परंतु त्या राजवटीला बाहेरून मिळणारा पैसा आणि प्रतिष्ठा हळूहळू आटली, ती अशाच असंख्य नकारांमुळे. भारताने 1946 सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता, आणि 1974 साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात त्या देशाविरुद्ध खेळण्याचे नाकारून हाताशी आलेला चषकही सोडला. 1970 साली इंग्लंडमधील तरुणांनी दक्षिण आफ्रिकी क्रिकेट संघाचा दौरा रद्द करविला. तेथील विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे बार्कलेज बँकेत खाते उघडण्याचे टाळले. 1986 मध्ये त्या बँकेने दक्षिण आफ्रिकेतला आपला व्यवसाय विकला. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा संमत केला.

बहिष्काराने गरिबांचेच हाल होतात, असा एक आक्षेप त्या काळी मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी घेतला होता, आणि आजही तो घेतला जातो. आक्षेप पोकळ नाही. मात्र तो घेणाऱ्यांनी गरिबांना विचारलेले असते, असा अनुभव नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत हे हाल ज्यांच्या वाट्याला येणार होते, त्यांचे नेते अल्बर्ट लुथुली यांनीच 1959 साली बहिष्काराची हाक दिली होती. आम्हांला कष्ट पडतील हे आम्ही जाणतो. पण रक्तपात टळणार असेल तर ते सोसण्यास आम्ही तयार आहोत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आमच्या मते साऱ्या चळवळीचे मर्म येथे आहे. डब्लिनच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेवर उपकार करण्याचा मार्ग स्वतः शोधला नाही. पीडितांनी जे मागितले तेच त्यांनी केले. आणि तेही एकटीदुकटीने नव्हे, तर पाठीशी संघटना ठेवून, आपल्या रोजच्या कामाच्या जागी.

महाराष्ट्राला हे शस्त्र नवे नाही. 'बॉयकॉट' हा शब्दच मुळी आयर्लंडमधला; 1880 साली तेथील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले, त्यावरून तो रूढ झाला. लोकमान्यांनी आपल्या चतुःसूत्रीत बहिष्काराला स्थान दिले आणि 1930 साली मुंबईत बाबू गेनू हा गिरणी कामगार परदेशी कापडाच्या लॉरीपुढे प्राणाला मुकला. त्याच्याही हाती स्वतःच्या देहाखेरीज काही नव्हते.

आज आमच्या दारात काय आहे? चहात पडते ती साखर आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. या जाचात पाळीचा त्रास नको म्हणून असंख्य तरुण बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचे उघडकीस आले, तेव्हा 2019 साली विधिमंडळात हा विषय गाजला आणि समितीही नेमली गेली. 2024 साली एका अमेरिकन वृत्तपत्राने ही साखर जगप्रसिद्ध शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत कशी जाते, हे दाखवून दिले. म्हणजे दूरच्या परक्या गिऱ्हाइकाने आमच्या मालाकडे बोट दाखविण्याची वेळ आली.

साखर सोडा, असे त्या बायकांनी आपल्याला सांगितलेले नाही. म्हणून तसे आम्हीही सांगणार नाही. मात्र मुकादमाच्या वहीऐवजी कारखान्याच्या दप्तरात आपली नोंद व्हावी, हे मागणे काही भलतेच नव्हे. या शहरातील कितीतरी कुटुंबांचे गावाकडे सहकारी कारखान्यात समभाग आहेत. हंगामापूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. अहवाल वाचला जातो, हात वर होतात आणि सभासद जेवणाच्या पंगतीकडे वळतात. त्या सभेत यंदा कोणा सभासदाने उभे राहून विचारावे की, आपला ऊस तोडणाऱ्या किती स्त्रियांची नावे कारखान्याच्या दप्तरी आहेत, त्यांच्यापैकी कितींचा विमा आहे, आणि आजारपणाच्या दिवसाचे पैसे कोणाच्या सहीने कापले जातात. उत्तर मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये, आणि त्याच्या शेजारी आणखी नऊजण उभे असावेत.