विसाव्याचे बळ



गतवर्षी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सैन्यभरतीची तयारी करीत होता. पहाटे चार वाजता तो डांबरी रस्त्यावर धावू लागे, सायंकाळी पुन्हा धावे. रविवारही त्याने सोडला नाही. त्याची चिकाटी पाहून आम्ही त्याची पाठ थोपटली व इतर मुलांस त्याचे उदाहरण दिले. भरतीस तीन आठवडे उरले असता त्याच्या नडगीत कळा येऊ लागल्या. हाडास बारीक तडा गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले. भरतीच्या दिवशी तो घरी खाटेवर बसून होता. आमची शाबासकी चुकली होती, हे आम्हांस तेव्हा उमगले.

व्यायामाने शरीर बळकट होते हे खरे. तथापि ते बळ धावताना येत नाही. श्रमाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व त्यांतील साखरेचा साठा सरतो. ही झीज भरून निघते ती पुढे अन्न, विसावा व विशेषतः गाढ झोप यांच्या योगाने. हाडेही ताण सोसून घट्ट होतात, परंतु त्यांस अवधी लागतो. तो न देता रोज नवा ताण घातला, तर झीज वाढत जाते व भर मागे पडते.

भरतीतील १६०० मीटरांची धाव म्हणजे जवळजवळ एक मैलच. हा मैल चार मिनिटांच्या आत प्रथम धावला तो रॉजर बॅनिस्टर हा इंग्लंडमधील वैद्यकीय विद्यार्थी. सरावात पाव मैलाच्या दहा फेऱ्या प्रत्येकी ६० सेकंदांत धावण्याचा त्याचा निश्चय होता. पण १९५४ च्या एप्रिलात तो ६१ सेकंदांवर अडला. तेव्हा धावणे सोडून तो मित्रासह काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गेला. परतल्यावर त्याच फेऱ्या त्याने ५९ सेकंदांत पुऱ्या केल्या. शर्यतीपूर्वीचे अखेरचे दिवसही त्याने विसाव्यात घालविले, आणि ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पार केला.

म्हणून तरुणांनो, एके दिवशी कठोर सराव केला, तर दुसऱ्या दिवशी हलका करा. शेतातील कष्टही श्रमांतच मोजा. किशोरवयीन मुलांस रोज आठ ते दहा तास झोप हवी. हाडाचे दुखणे हटत नसेल, तर तेल चोळीत न बसता डॉक्टरांकडे जा. आणि आईबापहो, विसावा घेणाऱ्या मुलास आळशी म्हणू नका.

परमेश्वराने सातव्या दिवसाचा विसावा चाकरास व गुराढोरांसही दिला. थकून मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्यास देवदूताने प्रथम उपदेश केला नाही. त्यास भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. त्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब पर्वतास पोहोचला.

आमचा तो तरुण आता बरा आहे व पुढील भरतीस त्याचे वय बसते. तो पुन्हा धावतो. रविवारी मात्र मिस्सास येतो, घरी जाऊन जेवतो आणि दुपारभर निजतो. या वेळी आम्ही त्याची पाठ थोपटली ती त्या झोपेसाठी.